बाबाको, आणि एक रिकामा रकाना

सर,

तुमच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर 2ab नव्हतं.

हे सगळ्यात आधी सांगते, कारण तुम्हीही सगळ्यात आधी तेच विचारलं असतं. लातूरला मनोजच्या क्लासच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा ठेवली होती. स्टेजमागे भिंतभर फ्लेक्स. मधोमध तुमचा फोटो, डोक्यामागे संगणकावर चिकटवलेलं सोनेरी वलय, दोन्ही बाजूंना पणत्या, खाली हात जोडलेला मनोज, तुमच्याहून बोटभरच लहान. आणि वर, 'गणितमहर्षी बिराजदार सर' या अक्षरांखाली, सजावट म्हणून, एक सूत्र: (a + b)² = a² + b².

निलंग्याच्या शाळेत तीस वर्षं तुम्ही पोरांच्या वह्यांमधून हीच चूक वेचत बसलात. दोन पदांच्या बेरजेचा वर्ग करायचा आणि मधलं 2ab गाळायचं. "मधलं कुणी खाल्लं रे? डब्यात भाकर न्हाई आणली का?" असं विचारत तुम्ही बाकांमधून फिरायचात. आता तीच चूक, हातभर उंचीची, तुमच्याच डोक्यावर.

मी मनोजला बाजूला घेतलं. तुमचाच विद्यार्थी, माझ्या मागच्या बॅचचा, आता तीन शाखांच्या क्लासचा मालक. तो म्हणाला, "मॅडम, फ्लेक्सवाल्याला जागा बसंना. मधलं काढलं त्यानं. आता या दुःखात कोण सूत्र वाचून राहिलंय?"

"मी वाचून राहिले," मी म्हणाले.

माझ्या पर्समध्ये काय काय असतं ते तुम्हाला पाठ होतं: रुमाल, याद्यांची छोटी वही, दोन पेनं, सेफ्टी पिना, जाड काळा मार्कर. मी चप्पल काढून खुर्चीवर चढले. दोन पदांच्या मधे जागा नव्हती, म्हणून खाली बाण ओढून + 2ab लिहिलं. ते थेट तुमच्या वलयात गेलं. समोरच्या लोकांना वाटलं, बाई हार नीट करतायत.

मग भाषणं. "सरांनी आम्हाला सुखाची बेरीज, दुःखाची वजाबाकी आणि प्रेमाचा गुणाकार शिकवला." हे तीन वक्त्यांनी म्हटलं. तिघांनी, मी वहीत खुणा केल्या. तुम्ही असलं काही एकदाही शिकवलं नाहीत. तुमच्या निरोपसमारंभात एका पाहुण्यांनी हाच सूर लावला होता, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसून हळू आवाजात कानडीत आकडे मोजत होतात, ओंदु, एरडु, मूरु. राग गिळायची ती तुमची पद्धत. दहापर्यंत गेलात आणि माझ्याकडे झुकून म्हणालात, "सुजाते, ह्येला भागाकार येतो का इचार."

या वेळी शेजारी मोजणारं कुणी नव्हतं. मी एकटीनं सगळं ऐकलं. कागदी कपात गार चहा आला तोही प्याले.

त्या भाषणांमध्ये एक माझंही होतं. त्याबद्दलच हे सगळं लिहायचं आहे, पण क्रमानं येते. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. दिलेलं काय, दाखवायचं काय, त्यासाठी जास्तीची कुठली रेषा काढली, आणि मग पायरी पायरीनं. क्रम मोडला की तुम्ही वाचायचंच थांबवायचात.

शोकसभेच्या दहा दिवस आधी तुम्हाला निलंग्यात नेलं. बसवून नेलं. तुम्हा लिंगायतांत तशी रीत आहे हे ठाऊक होतं, पाहिलं पहिल्यांदाच. मांडी घातलेली, पाठीला आधार, कपाळावर विभूतीचे पट्टे. आम्हा पोरांना त्या कपाळावर विभूती किती आणि खडू किती हे कधीच कळलं नव्हतं, कारण उदाहरण अडलं की तुम्ही खडूच्याच हातानं कपाळ पुसायचात. त्या दिवशी मात्र सगळी विभूतीच होती, नीट, सरळ रेषेत. तीस वर्षं वर्गातल्या खुर्चीवर न टेकलेला माणूस बसून चालला होता. मनात आलं, बसा आता सर, पाय दुखले असतील.

तेवढ्यात एक जण तुमच्या बाजूला वाकून स्वतःचा फोटो काढायला लागला. मला म्हणाला, "ताई, जरा सरकता का? सावली पडून राहिली." मी सरकले नाही. त्याच्या फोटोत माझा हात आला असेल. येऊ दे.

तुमचा वर्ग मात्र कुणाच्याच फोटोत नाही, म्हणून तो मी इथे मांडते. वयाची उदाहरणं. 'वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे. बारा वर्षांनी ते दुप्पट होईल. तर दोघांची आजची वयं काढा.' कुणीतरी लिहायचं, 'रोहनचे x मानू.'

"रोहनचं काय x? रोहनचं नाक x? वजन x? रोहनच्या म्हशी x?"

"वय, सर."

"मंग लिव्ह की वय. आन् वर्षं लिव्ह. x ला कपडे न्हाईत, तू घाल."

मग दुसरा उठायचा. त्यानं 2(x + 12) चा कंस सोडवताना दोननं फक्त x लाच गुणलेलं. म्हणजे 3x + 12 = 2x + 12, म्हणजे x बरोबर शून्य. तो मोठ्यानं उत्तर वाचायचा आणि तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचात, "मुलगा शून्य वर्षांचा. शाब्बास. आता बाप सांग. तीन गुणिले शून्य?"

"शून्य."

"म्हंजे बाप बी आजच जन्मला. दोघांला एकाच पाळण्यात घाला आन् आई कुठं गेली ती बगा."

वर्ग हसायचा, तो पोरगाही हसायचा, आणि पुन्हा आयुष्यात कंस सोडवताना त्याला तो पाळणा दिसायचा. आज मी नांदेडला माझ्या शाळेत तेच उदाहरण घालते, तोच पाळणा वापरते. तुमचं नाव सांगून वापरते, एवढं लक्षात असू द्या.

आणि बाबाको.

हे पत्र इतरही वाचणार, त्यांच्यासाठी सांगायला हवं. दोन त्रिकोण हुबेहूब सारखे, म्हणजे एकरूप आहेत, हे दाखवायच्या काही कसोट्या असतात आणि त्यांना शाळेत छोटी नावं आहेत. बाजू-कोन-बाजू म्हणजे बाकोबा. कोन-बाजू-कोन म्हणजे कोबाको. तिन्ही बाजू म्हणजे बाबाबा. बाकोबात कोन त्या दोन बाजूंच्या मधलाच असावा लागतो. घाईत पोरं भलताच कोन उचलायची. बाजू, बाजू आणि मग बाहेरचा कुठला तरी कोन. अशी कसोटीच नाही. तुम्ही त्या चुकीचं नाव ठेवलं होतं बाबाको. आमच्या गावात अर्धा बाजार दखनीत बोलायचा, त्यामुळे पुढचा विनोद तयारच होता. "बाबाको लिव्हलास? आता बाबाको बुलाके ला." दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या बापानं शाळेत यायचं, हा नियम.

बाप यायचे ते घाबरतच. तुम्ही तक्रार करायचाच नाहीत. त्यांना स्टाफरूममध्ये बाकावर बसवून चहा द्यायचात आणि टेबलावर ज्वारीच्या कडब्याची तीन वाळकी धाटं मांडायचात. एक आडवं, पाया म्हणून. एक तिरकं, कोन धरून. तिसरं त्या तिरक्याच्या शेंड्याला टाचणीनं अडकवलेलं, लोंबतं. ते लोंबतं धाट हळूच झुलवलं की पायाला दोन जागी टेकायचं. "बाजू तीच, ही बाजू बी तीच, कोन बी तोच. आन् त्रिकोण किती झाले?"

"दोन," बाप म्हणायचा.

उस्मानचे वडील टेलर होते. त्यांनी चहा खाली ठेवला, धाट स्वतःच्या हातानं इकडून तिकडे नेलं आणि म्हणाले, "सर, माप तो एकीच है. कपडे दो कैसे बने?"

"त्येच तर! सांगा आता, तुमच्या पोरानं यातला कुठला शिवला?"

"नाप अधूरा लिया छोकरेने," ते म्हणाले, आणि त्यांनी उस्मानच्या डोक्यात हळूच एक टपली मारली. तुम्ही इतके खूश झालात की त्या वर्षीचा तुमचा नवा सदरा त्यांनीच शिवला.

माझे बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. आमच्या गल्लीतले बहुतेक बाप तुमच्या बाकावर बसून, धाट झुलवून, चहा पिऊन आले होते आणि पारावर एकमेकांना बाबाको समजावून सांगत होते. बाबा गप्प ऐकायचे. घरी येऊन मला विचारायचे, "सुजा, तुजे सर मला कवा बोलावणार?"

"बाबा, मी चुकत नाही."

"एकांदी बार चुक की गं. मला बी बगायचंय त्ये धाट."

मी मान ताठ करून म्हणायचे की तसल्या चुका माझ्याकडून होत नसतात.

मग दहावीची सराव परीक्षा आली. भूमितीचा पेपर. प्रश्न तुम्हाला पाठ आहे, मलाही. त्रिकोण ABC. रेख AD कोन A ला दुभागते आणि D हा BC चा मध्यबिंदू आहे. AB आणि AC समान आहेत हे सिद्ध करा. चार मार्क. पेपर हातात आला तेव्हा त्या चारपैकी शून्य. बाकी सगळं बरोबर. पैकीच्या पैकी हुकले.

मी तिथेच उभी राहिले. म्हणाले, सर, मी रचना केली होती. AD तेवढीच खाली E पर्यंत वाढवली, तुटक रेषेनं, पेन्सिलीनं, मग E आणि C जोडले. पेन्सिल फिकट होती, तुम्हाला दिसली नाही. तुमचा चष्मा जुना आहे.

तुम्ही चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा लावला, पेपर पाहिला. मला वाटलं आता ओंदु, एरडु सुरू होणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "न्हाई दिसत गं सुजाते." पेपर परत घेतलात. बाबांना बोलावलं नाहीत.

ते भांडण आपण तीस वर्षं चालवलं. मी गणिताचीच शिक्षिका झाले, नांदेडला लग्न होऊन गेले, दर दिवाळीत निलंग्याला येऊन तुमच्या ओसरीत बसले. अडलेली उदाहरणं यादी करून आणायची, आपण एकेक सोडवायचो, काकू मधेच चिवडा ठेवून जायच्या, आणि उठता उठता मी म्हणायचे, "तुमच्या चष्म्यानं माझे चार मार्क खाल्ले ते परत करा." तुम्ही म्हणायचात, "वही काढावी लागंल." आणि दोघंही हसायचो. दर वर्षी हेच. मी माझ्या वर्गात ही गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की पोरं मला तुटक रेषा म्हणतात.

शोकसभेत माझ्या चिठ्ठीवर तीन मुद्दे होते. चष्मा, तुटक रेषा, चार मार्क. मी ती गोष्ट सांगितली. हॉल हसला. पहिल्यांदाच त्या दिवशी खरं हसला. शेवटी मी तुमच्या फोटोकडे वळून म्हणाले, "सर, तिकडे गेल्यावर चष्म्याचा नंबर तपासून घ्या." टाळ्या पडल्या. मी जागेवर येऊन बसले आणि मला बरं वाटलं. बाकीच्यांच्या भाषणांपेक्षा आपलं बरं झालं, असं वाटलं. हे लिहिताना मला माझीच शिसारी येते आहे, पण झालं तसं लिहायचं.

सभा संपल्यावर काकूंनी मला तुमची वही दिली. लांबट, खाकी पुठ्ठ्याची, हजेरीच्या वहीसारखी. वर तुमच्या अक्षरात 'चुका'. काकू म्हणाल्या, "मनोज मागून राहिला. छापायचं म्हंतो. तू बग आन् ठरव. मला त्यातलं कळत न्हाई, पर ह्यांनी ती कुणाला दिली न्हाई कदी."

मनोजनं जाहिरातही ठरवून ठेवली होती. 'बिराजदार सरांच्या शंभर हमखास सिद्धता.' त्याच्या क्लासात सिद्धता कशा पाठ करून घेतात ते मी पाहिलं आहे. प्रश्नात त्रिकोण PQR आला तरी पोरं ABC चीच सिद्धता ओकतात, कारण पाठ तीच केलेली असते. आकृतीत A नावाचा बिंदूच नाही, तरी उत्तरात A, B, C. माझ्याकडे बोर्डाचे पेपर तपासायला येतात तेव्हा गठ्ठ्यातल्या किती तरी पेपरांत हे असतं. उलटीसारखं, आत गेलं तसंच बाहेर. अशा माणसाच्या हातात तुमची वही द्यायची?

नांदेडला परत येताना बसमध्येच ठरवलं की द्यायची नाही. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर कागद अंथरून मी ती उघडली. चार रकाने. चूक. कुणाची. कुठून आली. आणि शेवटचा रकाना: कबूल.

ती पद्धत मी विसरलेच होते. तुम्ही पोराला चूक समजावून द्यायचात आणि त्याला स्वतःला पटली की या वहीत, त्याच्याच हातानं, शेवटच्या रकान्यात 'कबूल' लिहून सही करायला लावायचात. पटली नाही तर सही घ्यायची नाही. "मार खाऊन कबूल करणारे चोर असत्येत. तू चोर हायेस का?" असं म्हणायचात.

मी मनोजचं नाव शोधत होते. खरं सांगते, तेवढ्यासाठीच पानं उलटत होते. पान बाविसावर सापडलं. इयत्ता नववी, (a + b)², 2ab गाळले. कुठून आली: 'पुढच्या बाकावरून.' म्हणजे नक्कल. आणि पुढे गोल अक्षरात: कबूल, मनोज. मी एकटीच मोठ्यानं हसले. मोबाईलवर फोटोही काढला, त्याला पाठवायला.

मग पुढची पानं उलटली, आणि पान एकेचाळीसवर मी होते.

तुम्ही माझ्या उत्तरपत्रिकेतला तेवढा भाग कापून गोंदानं चिकटवला आहे. कागद पिवळा पडला आहे, शाई तशीच आहे. आकृती आहे. A, B, C, D. तुटक रेषा नाही.

मी चष्मा पुसला. मग कागद खिडकीत उजेडावर धरला. मग तिरका धरला, पेन्सिल दाबली गेली असेल तर खोच दिसते म्हणून. मुलाचं भिंग शोधून आणलं. खोडरबराचा ओरखडा नाही. शेवटी पट्टी घेतली. आकृतीच्या खाली बोटभर जागा सोडून माझं 'पक्ष' सुरू होतं. E ठेवायचा तर तो A जितका वर आहे तितकाच BC च्या खाली पडायला हवा, म्हणजे माझ्या सिद्धतेच्या तिसऱ्या ओळीत, अक्षरांच्या डोक्यावर. त्या कागदावर E ला जागाच नाही, सर. तो तिथे कधी नव्हता.

खाली माझ्याच अक्षरात: BD आणि CD समान, पक्ष. AD सामाईक. कोन BAD आणि कोन CAD समान, पक्ष. म्हणून बाकोबा. बाजू, बाजू, आणि बाहेरचा कोन. तुम्ही लाल शाईत बाजूला लिहिलं आहे: 'नाव बाकोबा, काम बाबाको.'

तुटक रेषा कुठून आली तेही मला आता कळतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते उदाहरण फळ्यावर सोडवलंत. AD खाली वाढवलीत, पिवळ्या खडूनं, तुटक तुटक. त्या संध्याकाळी मी ती वहीत उतरवून घेतली. आणि नंतर कधीतरी ती तिथून उचलून माझ्या पेपरात नेऊन ठेवली. फळ्यावरची तुमची रेषा. पण त्या आधी, पेपर हातात आला तेव्हा, वर्गात उभी राहून मी जे बोलले ते? तेव्हा तर पिवळी रेषा नव्हती. तेव्हा मला काय आठवत होतं? रचना करायला हवी होती एवढं पेपर देऊन घरी जाताना रस्त्यात सुचलं होतं, हे मला आठवतं. बाकीचं मी जोडलं. दहावीतल्या मुलीनं, ताठ मानेनं, तुमच्या चष्म्यावर ढकलून.

फ्लेक्सची मला जेवढी किळस आली होती तेवढीच स्वतःची आली. मनोजनं निदान फ्लेक्सवाल्यावर ढकललं होतं. मी तुमच्यावर.

तुमच्यावरही राग आहे, तोही लिहिते. वही तुमच्या ओसरीतल्या कपाटात होती. मी बसायचे ती खुर्ची त्या कपाटाला टेकलेली असायची. तीस दिवाळ्या तुम्ही माझी गोष्ट ऐकलीत. एकदा हात लांब करून पान एकेचाळीस उघडलं असतंत तर शोकसभेत मी तुमच्या फोटोला चष्मा तपासायला सांगितलं नसतं. तुम्ही मला हसू दिलंत आणि मी हसत राहिले. हे मला आवडलेलं नाही, सर.

पण तुम्ही दर वेळी म्हणायचात, "वही काढावी लागंल." आणि मी एकदाही म्हणाले नाही, "काढा." प्रत्येक गोष्टीची यादी करणारी, पावती जपून ठेवणारी, दुसऱ्याच्या फ्लेक्सवर खुर्चीवर चढून दुरुस्ती करणारी मी. मी कधी काढा म्हणाले नाही. त्याचं कारण मला तेव्हाही माहीत असणार.

तिसऱ्या रकान्यात, कुठून आली, तुम्ही लिहिलं आहे: 'आकृती आधीच समद्विभुज काढली. डोळ्याला पटलं, मग हात थांबला नाही.' घाई नाही लिहिलंत, आळस नाही, गर्व नाही. तो शब्द तिथे बसला असता. त्याबद्दल मी तुमची आभारी आहे.

चौथा रकाना रिकामा आहे. मी सगळी वही तपासली, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत. प्रत्येक रांगेत कबूल आणि सही आहे. रिकामा एकच.

सोमवारी मनोजचा फोन आला. "मॅडम, वही कवा पाठवताय? छापखाना थांबलाय."

"छाप," मी म्हणाले. "पण सगळं छापायचं. चूक, नाव, कुठून आली, कबूल."

"चुका कशाला? पोरांना उत्तर लागतंय. चुका वाचून पोरं चुकाच शिकतेत."

"पान बाविसावर तू आहेस. 2ab. सही तुझीच."

"आन् ते छापायचं?"

"हो. पान एकेचाळीसवर मी आहे, तेही छापायचं."

"तुमी? कशात?"

"बाबाको."

तो फुटलाच. खूप वेळ हसत होता, नववीतल्यासारखा. "बाबाको? मॅडम, तुमी? आवो, तुमची ती तुटक रेषा?"

"नव्हती."

हसणं थांबलं. मग म्हणाला, "मंग ऱ्हाऊ द्या, मॅडम. क्लासचं नाव जाईल." आणि फोन ठेवता ठेवता, "फ्लेक्स गेटवर लावलाय. तुमच्या 2ab सकट. फ्लेक्सवाला नवा करून देतो म्हनला. मी नको म्हनलो."

म्हणून वही माझ्याकडे राहिली आहे. या जूनपासून माझ्या वर्गात चालू करते, एकेचाळिसाव्या पानापासून. आणि त्या दिवशी हॉलमध्ये माझ्या गोष्टीला हसलेल्या सगळ्यांनी वाचावं म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. चष्मा बरोबर होता. रेषा नव्हती. शून्य बरोबर होतं.

आज सकाळी मी सही केली. शाईचं पेन घेतलं, बॉलपेन तुम्हाला चालत नसे. कबूल, सुजाता. रकाना अरुंद आहे, पण बसलं.

नियमाप्रमाणे आता बाबांना आणायला हवं. ते जाऊन सहा वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांनी ते धाट पाहिलं नाही, कारण मी कधी चुकले नव्हते. गेल्यावर माणसं कुठे भेटतात, असलं आमच्यात मानत नाहीत, मीही मानत नाही. तरी, तुम्हाला तिकडे इस्त्रीचा शर्ट घातलेले, वरच्या खिशाला पेन लावलेले एक कारकून दिसले, तर त्यांना बाकावर बसवा. चहा द्या. म्हणावं, तुमच्या पोरीनं बाबाको लिहिलंय.